तात्यापाऱ्यातलं अंगठ्याचं दुकान

सकाळी ८.४०. शटर अर्ध्यात अडकतं. ताई खालच्या पट्टीला चपलेचे दोन ठोके देतात, मग ते वर जातं. दुकान आठ बाय दहाचं. भाडं सात हजार, वीजबिल वेगळं. समोर रायपूरचा जी. ई. रोड. तात्यापारा चौकापासून शारदा चौकापर्यंतचा हा तुकडा अरुंद आहे. रुंदीकरण होणार, हे इथले दुकानदार इतकी वर्षं ऐकताहेत की आता कुणी मान वर करत नाही.

पाटी हिंदीत आहे, 'च्वाइस सेंटर'. आत एक कॉम्प्युटर, प्रिंटर, झेरॉक्स मशीन, लॅमिनेशनचा डबा आणि काउंटरवर अंगठ्याचं मशीन. जुनं मशीन नव्या नियमात बसेना, म्हणून हे घेतलं. अडीच हजार गेले. त्याच्या काचेवर ताई कोरडं फडकं फिरवतात. भिंतीवर दरपत्रक: झेरॉक्स २ रुपये, प्रिंट ५, ऑनलाइन अर्ज ५०. सगळ्यात खाली, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनबद्दल, पेनाने लिहिलंय: १९३० की शिकायत, निःशुल्क.

"ज्याचे आत्ताच गेलेत त्याच्याकडून पन्नास कसे मागायचे?" ताई म्हणतात. "झेरॉक्सचे मात्र घेते. कागद मला फुकट मिळत नाही."

नाव छापू नका, अशी त्यांची अट आहे. मराठी घरांतले लोक त्यांना ताई म्हणतात, बाकीचे दीदी.

९.०५. पहिलं गिऱ्हाईक. जवळपासच्या चार घरी भांडी घासणारी बाई. "दीदी, मोर पइसा नइ निकलत हे." ताई छत्तीसगढीतच बोलतात. आधार नंबर टाकतात, बँक निवडतात. बाईचा अंगठा साबणाने इतका झिजलाय की मशीनला रेषा दिसत नाहीत. ओल्या रुमालाने पुसला. नाही. डाव्या हाताचं बोट लावलं. लागलं.

शिल्लक ११२ रुपये.

ताई मिनी स्टेटमेंट काढतात. परवाच्या तारखेला पंधराशे आणि पुन्हा पंधराशे निघालेत. बाई परवा माहेरी गेली होती. तिथे कुणाच्या तरी दुकानात अंगठा लावला. पहिल्यांदा तो म्हणाला, लागला नाही, पुन्हा लाव. पैसे एकदाच दिले. पावती दिली नाही, हिने मागितली नाही.

ताई बोटांवर दिवस मोजतात. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक त्यांना पाठ आहे. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, मधल्याच कुणी हात मारला, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवायचं. मग ग्राहकाचं नुकसान शून्य. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलं तर साध्या बचत खात्याला दहा हजारांपर्यंतचा भार, शून्य शिलकीच्या बेसिक खात्याला पाच हजारांपर्यंतचा. सात दिवसांनंतर बँकेचं धोरण म्हणेल ते. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं काम बँकेचं. परिपत्रकात तसं स्पष्ट आहे. काउंटरवर ते किती वेळा आठवतं, हा भाग निराळा.

"आजच्च जा बँक," ताई अर्ज लिहिता लिहिता सांगतात. आज गेलं तर दोन घरांचं काम बुडतं. एका घरी पगार कापतात. बाई ते मनातल्या मनात मोजते, मला दिसतं. मग पदराच्या गाठीतून सहा रुपये काढते. तीन झेरॉक्स.

हे राज्य सरकारच्या महतारी वंदन योजनेचे पैसे, विवाहित बाईला महिन्याला हजार रुपये, मार्च २०२४ पासून. पात्रतेसाठी हिला तीनदा कागद द्यावे लागले होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बस्तरमधल्या तालूर गावचं प्रकरण बाहेर आलं. तिथे एका पठ्ठ्याने याच योजनेत चक्क अभिनेत्री सनी लिओनीच्या नावावर खातं लावलं होतं आणि महिन्याचे हजार रुपये बिनबोभाट उचलत होता. सनी लिओनीला कुणी अंगठा पुन्हा लावायला सांगितलं नाही.

१०.२०. एक सर येतात. हाफ शर्ट, हातात छत्री, तोंड उतरलेलं. सरांनी ताईंना नववीत गणित शिकवलंय. "अगं, जरा बघ गं. खात्यातून पैसे गेले."

"किती वाजता?"

"आत्ता. दहाच्या सुमारास."

"फोन द्या आधी."

ताई फोन हातात घेतात आणि पहिल्यांदा नेट बंद करतात. मग विमानाचं चिन्ह दाबतात. मग टाचणीने सिम बाहेर काढतात आणि ड्रॉवरमधल्या जुन्या बटणाच्या फोनमध्ये घालतात. त्यावर ##००२# दाबतात. कॉल दुसरीकडे वळवले असतील तर त्याने बंद होतात. हे सगळं दीडेक मिनिटात. सर अजून छत्री मिटताहेत.

झालं ते असं. व्हॉट्सअॅपवर निरोप आला, तुमच्या गाडीचं चलान थकलंय. खाली फाइल, शेवटी एपीके. सरांची स्कूटर खरंच सिग्नल मोडून गेली होती, मागच्याच आठवड्यात. म्हणून विश्वास बसला. फाइल उघडली, 'अनुमती द्या' आलं, दिली. त्यानंतर ओटीपी सरांना कुणी विचारलाच नाही. फोनमध्ये बसलेल्या ऍपने तो स्वतःच वाचला.

४९,९९९ आणि ३८,५००. सर आकडे न अडखळता सांगतात.

१०.२४. ताई दोन फोनांवरून १९३० लावतात. एक स्वतःचा, एक दुकानातल्या पोराचा. व्यस्त. पुन्हा. व्यस्त. हा नंबर आधी १५५२६० होता. एप्रिल २०२१ मध्ये तो सुरू झाला तेव्हा पहिल्या सात राज्या-प्रदेशांत छत्तीसगढ होतं, हे रायपूरमध्येही फार लोकांना ठाऊक नसतं.

१०.३१. लागतो. पलीकडून विचारणा: बँक, खाते क्रमांक, रक्कम, वेळ, व्यवहाराचा क्रमांक. हाच बारा आकडी क्रमांक खरा. त्याच्यावरून पहिली बँक कळते, तिथून पैसे जिथे ढकलले ती दुसरी, मग तिसरी. जिथे रक्कम अजून पडून असेल तिथे ती गोठवतात. पैसे चालत असतात, तक्रार त्यांच्या मागून धावते. ताई मेसेजमधून क्रमांक वाचतात, चार-चार आकडे, सर मागे पुटपुटत पडताळतात. गणिताचे मास्तर. एका ठिकाणी ताई सहाच्या जागी आठ वाचतात, सर लगेच टोकतात.

१०.४३. तक्रारीचा क्रमांक येतो. ताई तो पाठकोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहितात आणि कागद लॅमिनेट करतात. लॅमिनेशनचे वीस रुपये घेत नाहीत. "पुढचे सहा महिने हाच नंबर विचारतील, सर. कागद विरून जातो."

मग सरकारी पोर्टलवर पूर्ण तक्रार. सर वैतागून तो चलानचा निरोप पुसायला निघतात. ताई हात धरतात. आधी स्क्रीनशॉट. मग काय करायचं ते करा.

१२.१०. दुकान पोरावर सोडून ताई सरांबरोबर बँकेत निघतात. ई-रिक्षा, माणशी दहा रुपये. शारदा चौकात अडकतो. ताईंचा हिशेब चालू आहे: दुपारची ही वेळ पैसे काढणाऱ्यांची, हजारामागे त्यांना दोन-तीन रुपये सुटतात, आणि पोराला मशीनला हात लावायला त्या देत नाहीत. म्हणजे तासाभराचा धंदा गेला.

रायपुरातल्या मराठी घरांचं आणि बँकेचं नातं जुनं. वामनराव लाख्यांनी १९१३ साली इथे को-ऑपरेटिव्ह सेंट्रल बँक उभी केली. शेतकऱ्याला सावकाराच्या वहीतून सोडवायचं, हा हेतू. लाखेनगर त्यांच्याच नावाचं. तेव्हा गिऱ्हाइकाचा अंगठा सावकाराच्या वहीत असायचा.

१२.४०. बँक. टोकन ८७, चालू आहे ६१. सर म्हणतात, शाखा तरी खरी आहे ना? विनोद कोरडाच, पण आधार आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सक्ती जिल्ह्यातल्या छपोरा गावात स्टेट बँकेची अख्खी शाखाच खोटी निघाली. भाड्याचं दुकान, नवं फर्निचर, काउंटर, नोकरीसाठी लाखो रुपये मोजून आलेली पोरं. दहाएक दिवस चालली. त्या पोरांना वाटत होतं आपण स्टेट बँकेत लागलो.

१.२५. काउंटरवरची मुलगी म्हणते, ऑनलाइन तक्रार झाली ना, मग अर्ज कशाला? ताई म्हणतात, अर्ज घ्या आणि पोच द्या. मुलगी आत जाते, येते, पुन्हा आत जाते. ताई खिडकीपासून हलत नाहीत. मागची रांग कुरकुरते. शेवटी शिक्का बसतो, तारीख आणि वेळेसकट. ताई वेळ वाचून घेतात. पुढचं सगळं याच शिक्क्यावरून मोजायचं. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल, तक्रार फुकट, चौकशीचा नंबर १४४४८.

सर मला हळूच विचारतात, "परत मिळतील का हो?" मी ताईंकडे बघतो. "गोठले असतील तेवढे मिळतील, सर. एटीएममधून निघाले असतील ते मिळणं अवघड. फाइल तुम्ही उघडलीत, बँक तेच धरून बसेल." गोड बोलत नाहीत. मला ते आवडतं.

२.३०. डबा. पोळी आणि लालभाजी. दोन घास होतात तोच एक विशी-बाविशीचा पोरगा दारात. भिलाईचा. खातं गोठलंय, पगार अडकलाय, तक्रार लिहून द्या.

"कुणी गोठवलं?"

तो फोन पुढे करतो. तेलंगणाच्या पोलिसांची नोटीस. त्याच्या खात्यात एका दिवसात चार लाख आले आणि गेले. पोरगा कुरियरवर, महिना अकरा हजार. ताई घास खाली ठेवतात. "पासबुक, एटीएम कुणाला दिलं होतंस?"

गप्प. मग सांगतो. मित्राने मागितलं. गेमिंगचे पैसे येतील म्हणाला. सिमसकट किट दिलं, पाच हजार मिळाले.

महादेव ऍपचा जुगार याच भिलाईतून उठला आणि दुबईपर्यंत पोचला. त्यातही दुसऱ्यांच्या नावावरची खाती लागलीच होती. रायपूर पोलिसांनी अलीकडे खाती विकणाऱ्या-भाड्याने देणाऱ्या पोरांना घाऊक उचललंय. सरांचे ४९,९९९ या घटकेला अशाच कुणाच्या तरी खात्यातून गेले असणार. पोरगा खाली बघतो. मला त्याची कीव येते आणि रागही येतो, दोन्ही एकदम. ताईंना वेळ नाही.

"तू तक्रार करणारा नाहीस रे. तुझ्यावर तक्रार आहे. वकील बघ, आणि त्या मित्राशी झालेलं बोलणं पुसू नकोस." पैसे घेत नाहीत, अर्जही लिहीत नाहीत. पोळी तोवर वाळलेली असते.

४.१५. शिवणकाम करणारी काकू. तिच्या पॅनवर कुणी फोन हप्त्याने घेतलाय, वसुलीवाले हिला धमकावतात. सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, छपाई मात्र नाही. अकरा पानं, पंचावन्न रुपये. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तिच्या नावाची सिमं बघितली तर चार. हिची एकच. उरलेल्या तिन्हींवर 'माझी नाही' अशी खूण. काकू म्हणते, "मी एक फोन नीट वापरू शकत नाही, चार कुठून?" माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या ६६सी कलमाखाली दुसऱ्याची ओळख वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड आहे. काकूला तूर्त ते वसुलीवाले थांबायला हवेत. त्या कर्ज कंपनीला आणि सिबिलला, दोघांनाही ताई वेगवेगळी हरकत लिहितात. तासभर जातो, शंभर रुपये येतात.

५.४०. सकाळची बाई परत. शिक्का मिळाला. रांगेत तीन तास. आता अंगठ्याला कुलूप लावून द्या म्हणते, कुणीतरी सांगितलंय. आधारचं बायोमेट्रिक बंद करता येतं, खरं आहे. पण ओटीपी लागतो, आणि हिच्या आधारला जोडलेला नंबर नवऱ्याच्या जुन्या सिमचा. तो बंद. नंबर बदलायला आधार केंद्रात जावं लागेल, पंचाहत्तर रुपये. शिवाय कुलूप लावलं की दर महिन्याला पैसे काढताना उघडायचं कुणी? ताई समजावतात, बाई मान डोलावते आणि विचारते, "त काय करँव?"

"अंगठा लगाबे त पर्ची माँगबे. बिन पर्ची के दूसर बेर झन लगाबे."

७.५०. गल्ला. बाराशे चाळीस. त्यातून कागद, शाई, पोराचे तीनशे, दूध-चहा. सातशेच्या आसपास उरतात. भाड्याचे रोजचे दोनशे तेहतीस ताई वेगळ्या डब्यात टाकतात.

८.२५. त्याच बटणाच्या फोनवरून सरांचा फोन. ताई स्पीकरवर टाकतात.

"अगं, सायबर सेलमधून फोन आला होता. पैसे सापडले म्हणे. चोवीसशे रुपये प्रक्रिया शुल्क भरलं की आज रात्रीच खात्यात."

ताई खुर्चीतून उठतात. "भरले?"

"नाही. म्हटलं तुला विचारावं. पण माणूस खरा वाटला गं. रक्कम त्याला अगदी बरोबर माहीत होती. रुपयापर्यंत."

"असणारच, सर. नंबर सांगा, लिहून घेते."