अठरा ग्रॅमचा मनोरा

खराट्याची एक हीर घ्या, वीतभर लांब. टेबलावर उभी धरा आणि वरून बोटाने दाबा. ती चिरडत नाही; आधी कमरेत वाकते, मग मोडते. आता तिचा अर्धा तुकडा घेऊन तसंच करा. या वेळी बोटालाच टोचेल. लांबी निम्मी झाली की वाकण्याआधी पेलता येणारं वजन चौपट होतं. हे सूत्र गणितज्ञ ऑयलरने अठराव्या शतकात मांडलं.

एवढ्या भांडवलावर शाळकरी पोरं काय करून दाखवतात, ते ‘ओडिसी ऑफ द माइंड’ या स्पर्धेत पाहावं. तिथे दरवर्षी एक प्रश्न बाल्साचा असतो. बाल्सा म्हणजे खेळातल्या विमानांचं लाकूड, नखाने ओरखडा उठेल इतकं मऊ. त्याच्या जेमतेम तीन मिलिमीटर जाडीच्या काड्या डिंकाने जोडून सुमारे २० सेंटीमीटर उंच मनोरा करायचा. वजनाची मर्यादा बरीच वर्षं १८ ग्रॅम राहिली आहे. दहा रुपयांची तीन नाणीसुद्धा याहून जड भरतात! त्या मनोऱ्यावर मुलंच एकेक लोखंडी चकती चढवत जातात, तो कोसळेपर्यंत. अव्वल संघांचे मनोरे ४५० किलोंच्या पुढे गेले आहेत.

खरी करामत आडव्या-तिरक्या काड्यांची. वरवर पाहता त्या भार उचलत नाहीत. पण उभ्या काडीला मध्ये मध्ये धरून ठेवतात, आणि मग एकच लांब काडी चार आखूड काड्यांसारखी वागू लागते. आणि चकत्या चढवण्याचा हा सगळा खटाटोप आठ मिनिटांत, एका नाटुकल्याच्या ओघात. एकीकडे चकत्या, दुसरीकडे संवाद!

हे खूळ सॅम मिक्लस या औद्योगिक डिझाइनच्या प्राध्यापकांचं. न्यू जर्सीतल्या ग्लासबोरो स्टेट कॉलेजात ते विद्यार्थ्यांना बिनचाकांची गाडी करायला सांगत, पाण्यावर तरंगत पलीकडे जायचं साधन करायला सांगत. गुण देताना ते साधन चाललं की नाही यापेक्षा डोकं किती लढवलं, धाडस किती केलं, हे बघत. १९७८ साली सहकारी टेड गुर्ली यांच्यासोबत त्यांनी शाळांसाठी स्पर्धा भरवली. पहिल्या वर्षी २८ शाळा आल्या. आजही ‘रानात्रा फुस्का’ नावाचा एक पुरस्कार दिला जातो. हे पाण्यातल्या एका किड्याचं शास्त्रीय नाव. त्या किड्यावरून सुचलेलं एका विद्यार्थ्याचं यंत्र फसलं होतं. कल्पना मात्र अफाट होती. हा पुरस्कार जिंकणारा संघ स्पर्धेत तळाला असला तरी चालतो.

मला सर्वांत आवडतो तो मोठ्यांवरचा नियम. करवत कशी धरायची हे शिकवा. कुठे कापायचं हे सांगितलंत की संघाचे गुण कापले जातात. नाटकासाठी आईने वेणी घालून दिली तरी ती बाहेरची मदत ठरते. आपल्याकडे विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या रात्री थर्मोकोल कोण कापत बसतं, हे घरोघरचे बाबा जाणतात.

स्पर्धेचा एक भाग तर बंद खोलीतच होतो. सात जणांपर्यंतचा संघ, समोर परीक्षक आणि त्याच क्षणी हातात पडलेला प्रश्न. पालक, मार्गदर्शक, सगळे बाहेर. आत काय विचारलं, हे मुलांनी बाहेर आल्यावरही कोणाला सांगायचं नसतं. अगदी आईलाही नाही. त्या वर्षीची जागतिक अंतिम फेरी आटोपेपर्यंत.