महापालिकेची व्यापारी संकुले आणि सर्वसाधारण सभेची मंजुरी : अमरावती व अकोल्याच्या संदर्भात

प्रस्तावना

बाजारपेठेवर सार्वजनिक संस्थेचे नियंत्रण असणे ही बाब वऱ्हाडला नवीन नाही. देशातील पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ 1886 मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये कारंजा येथे सुरू झाली आणि 1897 मध्ये ‘वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायदा’ अस्तित्वात आला. बाजाराची जागा कोणाची, तेथे व्यवहार कोणी करावा आणि त्याचे शुल्क कोणाच्या तिजोरीत जावे, हे प्रश्न येथे सव्वाशे वर्षांहून जुने आहेत. त्यांचे आजचे रूप म्हणजे महापालिकेच्या मालकीची व्यापारी संकुले होत. भाडेपट्ट्याची मुदत संपलेल्या अशा संकुलाचे पुढे काय करावे, याचा निर्णय कायद्याने कोणी व कसा घ्यावयाचा असतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रस्ताव एकाचा, मंजुरी दुसऱ्याची

अमरावती महानगरपालिका 15 ऑगस्ट 1983 रोजी, तर अकोला महानगरपालिका 2001 मध्ये स्थापन झाली. दोहोंचा कारभार 1949 च्या अधिनियमानुसार चालतो. पूर्वी तो मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम म्हणून ओळखला जाई. आता त्याचे नाव महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम असे आहे. त्यातील कलम 79 हे या विषयाचे मर्म होय. स्थावर मालमत्ता बारा महिन्यांपेक्षा अधिक नाही एवढ्या मुदतीने भाडेपट्ट्याने देण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. त्यापुढे काही मर्यादेपर्यंत स्थायी समितीची मंजुरी लागते. दीर्घ मुदतीचा पट्टा, विक्री अथवा अन्य प्रकारचे हस्तांतरण करावयाचे असल्यास संपूर्ण महापालिकेची, म्हणजे सर्वसाधारण सभेची मंजुरी आवश्यक ठरते. याच कलमात आणखी एक अट आहे: मिळणारा मोबदला चालू बाजारमूल्यापेक्षा कमी असता कामा नये.

ही रचना केवळ कार्यालयीन सोय नव्हे. जो अधिकारी प्रस्ताव तयार करतो त्यानेच तो मंजूर करू नये, एवढे साधे तत्त्व तिच्यामागे आहे. मार्च 2022 मध्ये अमरावती व अकोला येथील नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढील निवडणुकीचे मतदान थेट 15 जानेवारी 2026 रोजी झाले. मधल्या जवळजवळ चार वर्षांत प्रशासकाची राजवट होती. या काळात आयुक्ताचा प्रस्ताव आणि सभेची मंजुरी या दोन्ही गोष्टी व्यवहारतः एकाच टेबलावर आल्या. प्रशासकाचा निर्णय कायदेशीर असू शकतो. परंतु अमरावतीच्या 87 किंवा अकोल्याच्या 80 सदस्यांपैकी कोणी उठून प्रश्न विचारण्याची संधी त्यात राहत नाही, आणि गाळ्यांच्या बाबतीत नेमके प्रश्नच महत्त्वाचे असतात.

भाड्याचे गणित

सर्वांत कडवट वाद भाड्यावरून होतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा शासनाच्या वा स्थानिक संस्थेच्या मालकीच्या जागांना लागू नाही. त्यामुळे खासगी इमारतीतील जुन्या भाडेकरूला जे संरक्षण मिळते ते महापालिकेच्या गाळेधारकाला मिळत नाही. उलट कलम 81-ब नुसार अनधिकृत भोगवटादारास निष्कासित करण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. मुदत संपली की व्यापाऱ्याची स्थिती एका दिवसात बदलते, ती यामुळे.

राज्य शासनाने 2019 मध्ये केलेल्या नियमांत नूतनीकरणासाठी वार्षिक भाडे रेडी रेकनरनुसार येणाऱ्या मूल्याच्या 8 टक्क्यांपेक्षा कमी नसावे, असे ठरले. राज्यभरातील गाळेधारकांनी त्यास विरोध केला आणि 2023 मध्ये ही किमान मर्यादा व्यापारी वापरासाठी 0.7 टक्क्यांपर्यंत खाली आणण्यात आली. उदाहरणादाखल 20 लाख रुपये मूल्याचा गाळा घेतल्यास पहिल्या दराने वर्षाला 1,60,000 रुपये, तर दुसऱ्या दराने 14,000 रुपये, म्हणजे महिन्याला 1,167 रुपयांच्या आसपास भाडे येते. इतकी तफावत चार वर्षांत पडावी, हे धोरणाच्या स्थैर्याचे लक्षण म्हणता येणार नाही. 8 टक्के लहान दुकानदाराला न परवडणारे होते यात शंका नाही. मात्र 0.7 टक्के ही किमान मर्यादा आहे, ठरलेला दर नव्हे, हे सभागृहांत सोयीस्करपणे विसरले जाते. किमान मर्यादेच्या वर किती जायचे, हे प्रत्येक महापालिकेने बाजारमूल्याची अट लक्षात घेऊन ठरवावयाचे आहे.

जळगावचा अनुभव

निर्णय लांबणीवर टाकल्याने काय होते, याचे उदाहरण शेजारच्या खानदेशात सापडते. जळगाव महापालिकेच्या फुले मार्केटसह अनेक संकुलांतील दोन हजारांहून अधिक गाळ्यांची मुदत 2012 मध्ये संपली. नूतनीकरण की लिलाव, यावर ठराव होत राहिले. थकबाकीवर पाचपट दंडाची आकारणी झाली. प्रकरण न्यायालयात गेले. 2017 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने थकबाकीची वसुली करून गाळे ताब्यात घेण्याचे व लिलाव करण्याचे आदेश दिले. त्यानंतरही प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. व्यापाऱ्याच्या डोक्यावर टांगती तलवार राहिली आणि कर्जबाजारी महापालिकेला हक्काचे भाडे वेळेवर मिळाले नाही. नुकसान दोघांचेही झाले.

वऱ्हाडातील विशेष अडचण

अमरावतीत जवाहर गेट ते इतवारा हा भाग असो की अकोल्यातील जनता भाजी बाजार, जुन्या बाजाराची जागा शहराच्या मध्यावर असते आणि म्हणूनच तिच्यावर सर्वांची नजर असते. जनता भाजी बाजाराच्या जागेवर आधुनिक संकुल उभारण्याचा विषय अकोल्यात अनेक वर्षे चर्चेत राहिला आहे. अशा जागांबाबत आधी पाहावयाची गोष्ट म्हणजे मालकी. विदर्भातील शहरांत बरीच जमीन नझूल, म्हणजे शासनाची असते व ती अटींवर दिलेली असते. ज्या संस्थेचा स्वतःचा हक्कच मुदतीचा व अटींचा आहे, तिला त्याहून मोठा हक्क दुसऱ्यास देता येत नाही.

‘बांधा, वापरा व हस्तांतरित करा’ या पद्धतीचे आकर्षण समजण्यासारखे आहे. पैसा विकासकाचा आणि इमारत शेवटी महापालिकेची. परंतु तीस वर्षांचा करार म्हणजे सहा सभागृहांचा कालावधी. आज हात वर करणारा सदस्य कराराच्या अखेरीस सभागृहात असण्याची शक्यता फारच थोडी. शिवाय तळमजल्यावरील गाळ्यांना झुंबड आणि वरचे मजले ओस, हे चित्र आपल्या शहरांतील संकुलांत अपरिचित नाही. भाजीवाल्याला दुसऱ्या मजल्यावर गाळा देणे म्हणजे त्याला बाजारातून उठवणेच होय.

सभेपुढे येणाऱ्या टिपणीत सहसा क्षेत्रफळ, मूल्यांकन व अपेक्षित उत्पन्न एवढेच आकडे असतात. गाळा ज्याच्या नावावर आहे तोच तेथे बसतो की पोटभाडेकरू, पगडी घेऊन किती गाळे हस्तांतरित झाले आणि त्याची नोंद आहे काय, हे तीत क्वचितच आढळते. पट्टा मूळ गाळेधारकाच्या नावे नूतनीकृत झाला आणि तो स्वतः दुसरीकडे राहून पोटभाडेकरूकडून बाजारभावाने भाडे घेत असेल, तर सवलतीचा दर दुकान चालवणाऱ्याला मिळत नाही. तो मधल्याच्या खिशात जातो. प्रत्यक्ष भोगवटादारांची गाळानिहाय पाहणी करून ती यादी टिपणीसोबत जोडणे प्रशासनाला अशक्य नाही, आणि सर्वसाधारण सभेला ती मागण्याचा अधिकार आहे.