हिरव्या पेशीचा तांबडा ठिपका

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातलं धामणगाव बढे घाटाखालचं गाव. या पट्ट्यात जनावरांच्या हौदातलं पाणी चार दिवस उन्हात राहिलं की हिरवं पडतं. मग हौद घासून काढायचा, पुन्हा भरायचा. साचलेल्या गोड्या पाण्यात आणि ओल्या मातीत वाढणाऱ्या हरित शैवालांपैकी एक आहे क्लॅमिडोमोनास. एकच पेशी, मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढी. डोळा नाही, मेंदू नाही, तरी तिला उजेडाची दिशा कळते.

पेशीच्या पुढच्या टोकाला चाबकासारख्या दोन कशाभिका असतात. पोहण्याची पद्धत छातीवर पोहणाऱ्या माणसाच्या हातांसारखी: दोन्ही एकदम मागे. पोहताना पेशी स्वतःभोवती सेकंदाला साधारण दोन गिरक्या घेते, आणि सगळी खुबी याच गिरकीत आहे. पेशीच्या कुशीला नारिंगी-तांबडा नेत्रबिंदू असतो. त्यातले कॅरोटिनॉइड रंगद्रव्याच्या कणांचे थर समोरून आलेला उजेड परतवून वरच्या पटलातल्या प्रकाशग्राही प्रथिनांवर टाकतात, पाठीमागून आलेला अडवतात. त्यामुळे उजेड बाजूने येत असेल, तर प्रत्येक गिरकीत प्रथिनांना तो कधी जास्त, कधी कमी मिळतो. पेशी नेमकी उजेडाच्या रोखाने वळली की ही उघडझाप थांबते. दिशा सापडली!

या प्रथिनांना चॅनेलरोडॉप्सिन म्हणतात. निळसर प्रकाश पडताच त्यांच्यातली वाट उघडते, विद्युतभारित कण आत शिरतात आणि दोन कशाभिकांचे फटकारे कमी-जास्त होऊन पेशी वळते. ऊन प्रखर असेल तर ती उजेडाकडे पाठ फिरवते. अचानक झोत पडला तर थबकून क्षणभर उलटी पोहते. उजेडावर जगायचं आणि उजेडाने करपायचंही नाही, हा तोल ती स्वतः सांभाळते.

बुलढाणा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, लोणारच्या खाऱ्या सरोवराचं पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झालं, तेव्हा ड्युनालिएला या शैवालाचंही नाव पुढे आलं. जातीने ते हरितच; पण मीठ आणि ऊन वाढलं की बीटा-कॅरोटिन साठवून तांबडं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि रंगाचं कारण हॅलोआर्किया हे लवणप्रेमी सूक्ष्मजीव असल्याचं सांगितलं. हे मुळात शैवाल नव्हेतच. मात्र याच कुळातल्या हॅलोबॅक्टेरियममध्ये १९७१ साली डीटर ओएस्टरहेल्ट आणि वॉल्थर स्टोकेनियस यांना डोळ्यातल्या रोडॉप्सिनसारखं प्रथिन सापडलं होतं. त्यातला प्रकाश टिपणारा रेणू रेटिनल. माणसाच्या डोळ्यातही तोच, ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेला.

पुढे पेटर हेगेमान, गेओर्ग नागेल आणि एर्न्स्ट बाम्बेर्ग यांनी २००२ आणि २००३ मध्ये क्लॅमिडोमोनासच्या चॅनेलरोडॉप्सिनचं काम उलगडलं. २००५ पर्यंत ते उंदरांच्या चेतापेशींत घालून प्रकाशाने त्या पेशी चेतवणं जमू लागलं. २०२१ मध्ये एका मोठ्या टप्प्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्यांच्या आजाराने दृष्टी गेलेल्या ५८ वर्षांच्या माणसाच्या डोळ्यात, शैवालाच्या जनुकावरून घडवलेलं, प्रकाशग्राही प्रथिन बनवणारं जनुक उतरवलं गेलं होतं. खास चष्मा लावून, काही महिन्यांच्या सरावानंतर त्याला टेबलावरची वही दिसू लागली. रस्त्यावरचे पांढरे पट्टेही कळू लागले. चेहरे ओळखणं किंवा वाचणं अजून साधलेलं नव्हतं.