प्रतिकारशक्ती दाबून लिम्फोमावर उपचार?

गैरसमज : कॅन्सरमध्ये प्रतिकारशक्ती कमी करणारे औषध घेणे म्हणजे आगीत तेल ओतणे.

ही भीती रास्त आहे. किडनी बदललेल्या रुग्णांमध्ये अशाच औषधांमुळे लिम्फोमाचा धोका वाढतो. पण त्वचेखालच्या चरबीत गाठी करणारा टी-पेशींचा एक दुर्मीळ लिम्फोमा आहे. डॉक्टर त्याला ‘एसपीटीसीएल’ म्हणतात आणि त्याचे गणित निराळे आहे. यातल्या अनेक रुग्णांमध्ये आई आणि वडील दोघांकडूनही ‘एचएव्हीसीआर२’ या जनुकातला दोष आलेला असतो, हे २०१८ मध्ये उघड झाले. या जनुकापासून बनणारे ‘टिम-३’ हे प्रथिन पेशींच्या पृष्ठभागावर राहून प्रतिकारयंत्रणेला लगाम घालते. दोष असला की ते पृष्ठभागापर्यंत पोचतच नाही आणि दाह अनावर होतो. प्रतिकारशक्ती दाबणारे सायक्लोस्पोरिन हे औषध टी-पेशींना चेतवणारा इंटरल्युकिन-२ हा संदेश रोखते. म्हणजे इथे औषधाचा मारा आजाराच्या मुळाशीच होतो.

गैरसमज : आजार उलटला, आता केमोशिवाय गत्यंतर नाही.

या आजारात गाठी पुन्हा येणे नवलाचे नाही. स्टेरॉइडचा डोस उतरवताना तर हे बऱ्याचदा घडते. अशा वेळी सायक्लोस्पोरिन किंवा मेथोट्रेक्सेटने अनेकांचा आजार पुन्हा आटोक्यात येतो. फ्रान्समध्ये २०१७ साली झालेल्या तुलनेत तर सुरुवातीपासून अशी औषधे घेतलेल्यांना केमोवाल्यांपेक्षा अधिक गुण आला होता. त्यामुळे ‘साध्या गोळ्यांवर भागवताहेत’ असे नातेवाइकांनी मनात आणू नये.

मात्र गाठ पुन्हा तपासून घ्यायलाच हवी आणि तुकडा चरबीपर्यंत खोल घेतलेला हवा. वरवरच्या बायोप्सीत हा आजार निसटतो, ल्युपसच्या गाठींशीही त्याची गल्लत होते. दिसायला असाच असणारा गॅमा-डेल्टा लिम्फोमा फार आक्रमक आहे. युरोपातल्या ८३ रुग्णांच्या २००८ मधल्या अभ्यासात एसपीटीसीएलचे ८२ टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते, गॅमा-डेल्टाचे केवळ ११ टक्के. तिथे नुसत्या गोळ्यांवर विसंबता येत नाही. एसपीटीसीएलमध्येही सतत ताप, घसरणाऱ्या रक्तपेशी आणि भरमसाट वाढलेले फेरिटिन दिसले, तर ती ‘एचएलएच’ ही जिवावरची गुंतागुंत असू शकते. मग एक दिवसही घरी थांबू नये.

गैरसमज : गाठी विरल्या, गोळी बंद.

सायक्लोस्पोरिनचा डोस डॉक्टरांनीच, हळूहळू उतरवायचा असतो. तोवर रक्तदाब, क्रिएटिनिन आणि रक्तातली औषधाची पातळी तपासत राहावी लागते. ग्रेपफ्रूट आणि पपनस टाळावे, कारण त्यांनी ही पातळी वाढते. उपचाराआधी टीबीची तपासणी आपल्याकडे विशेष महत्त्वाची. दबलेला टीबी या औषधांनी डोके वर काढू शकतो, आणि टीबीच्या उपचारातले रिफॅम्पिसिन सायक्लोस्पोरिनची पातळी इतकी खाली आणते की नेहमीचा डोस पुरेनासा होतो.