संगमरवरी चीज : रंगाची खूण, चवीचे मूळ

अमेरिकेत घरोघरी खाल्ल्या जाणाऱ्या ‘कोल्बी-जॅक’ या चीजवर पांढऱ्या आणि केशरी रंगांची नक्षी असते. पाहणाऱ्याला वाटते, यात दोन चवी असणार. पण डोळे मिटून खाल्ले तर केशरी तुकडा कोणता आणि पांढरा कोणता, हे सांगणे अवघड. मग हा रंग कशाची खूण आहे?

कोल्बी हे विस्कॉन्सिन राज्यातील त्याच नावाच्या गावचे. जोसेफ स्टाइनवँड यांनी ते १८८५च्या सुमारास तयार केले, असे मानतात. मॉन्टेरे जॅकचे मूळ कॅलिफोर्नियातील फ्रान्सिस्कन मिशनांच्या पांढऱ्या चीजपर्यंत नेले जाते. त्यातील ‘जॅक’ आले ते मॉन्टेरेचे जमीनदार-व्यापारी डेव्हिड जॅक्स यांच्या नावावरून.

चव ठरते ती कृतीत. चेडर करताना दुधाच्या गाठींचे थर एकावर एक रचून आंबटपणा वाढू देतात. कोल्बीत हे थर रचत नाहीत. निवळी काढून गाठी थंड पाण्याने धुतात. त्या पाण्याबरोबर दुग्धशर्करा निघून जाते, म्हणून आम्ल कमी तयार होते आणि ओलावा जास्त राहतो. अमेरिकी मानकांनुसार ओलाव्याची कमाल मर्यादा चेडरला ३९, कोल्बीला ४० आणि मॉन्टेरेला ४४ टक्के आहे. दोन्ही चीजच्या गाठी वेगवेगळ्या तयार करून, एकत्र मिसळून दाबल्या की संगमरवरी वडी होते.

केशरी रंग मात्र बाहेरून येतो. तो ज्या बियांपासून काढतात, ते झाड आपल्याकडे शेंदरी म्हणून ओळखीचे आहे. हा रंग दुधातील केसीन प्रथिनाला चिकटतो, म्हणून तो शेजारच्या पांढऱ्या गाठीत पसरत नाही. ही प्रथा इंग्लंडमधून आली. हिरवा चारा खाणाऱ्या गाईच्या दुधात कॅरोटिन उतरते आणि ते स्निग्धांशाबरोबर राहते. गाईचे तूप पिवळे दिसते ते यामुळेच. म्हणून पिवळे चीज म्हणजे सकस दूध, असा समज होता. साय काढून घेतलेल्या दुधाचे चीज फिके पडू लागले, तेव्हा रंग मिसळून तोच विश्वास विकला गेला. पुढे वर्षभर एकसारखा माल दिसावा म्हणूनही रंग राहिला. आज कोल्बी-जॅकमध्ये तो फसवणूक नाही, केवळ शोभा आहे.

कमी आंबट, कोवळे आणि ओलसर असल्याने हे चीज सहज वितळते. टॉर्टियाच्या केसाडियात, बर्गरवर, मॅकरोनीत ते चालते. सफरचंदाच्या फोडींबरोबर नुसतेही खातात. थंड असतानाच किसावे आणि मंद आचेवर वितळवावे. जास्त तापले की प्रथिने आकसतात आणि तेल सुटते. जुन्या चेडरचा तिखटपणा हवा असेल तर मात्र याच्याकडे जाऊ नये. इथे रंग ठळक असला, तरी चव सौम्यच आहे.