सहरीचा गजर आणि सायकलचे वेळापत्रक

पहाटे साडेचारच्या सुमारास मोमीनपुरा, जाफरनगर, ताजबागच्या घरांत दिवे लागतात. सहरीची वेळ झालेली असते. थोड्याच वेळाने अंबाझरी, फुटाळा आणि वर्धा रोडवर सायकलस्वार दिसू लागतात. ट्रायथलॉनची तयारी करणारा एखादा रोजेदार या दोन्हींत असतो. त्याला एकच चिंता सतावते. महिनाभर दिवसा पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, मग वर्षभराची मेहनत वाया जाणार का?

लांब पल्ल्याचा पूर्ण ट्रायथलॉन म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि शेवटी ४२.२ किलोमीटर धावणे. गोव्यात २०१९ मध्ये सुरू झालेली आयर्नमॅन ७०.३ ही स्पर्धा याच्या निम्म्या अंतराची. ती ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास होते. स्पर्धेसाठीची नेमकी तयारी साधारण वीस आठवड्यांची धरली, तर ती जूनमध्ये सुरू होते. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. म्हणजे तो नेमका ऑफ सीझनमध्ये पडतो.

ऑफ सीझनमध्ये वेग वाढवायचा नसतो. जुन्या दुखापती भरू द्यायच्या, स्नायूंची ताकद वाढवायची आणि बोलता बोलता करता येईल अशा संथ सरावाने दम टिकवायचा, एवढेच काम असते. हौशी खेळाडूला नेमके हेच जमत नाही. नोकरी सांभाळून सराव करताना एक दिवस चुकला तरी त्याला अपराधी वाटते. रोजा त्याला हात आखडता घ्यायला शिकवतो.

वेळापत्रक मात्र बदलावे लागते. इफ्तारच्या आधीचा पाऊण तास हलक्या सायकलिंगला किंवा चालण्याला बरा; थकवा आला तरी पाणी जवळ आलेले असते. ताकदीचे व्यायाम तरावीहनंतर करावेत. पोहताना नाकातोंडात पाणी जाण्याची भीती असते, त्यामुळे अनेक रोजेदार दिवसा तलावात उतरत नाहीत आणि रात्री बहुतेक तलाव बंद असतात. महिनाभर पोहणे मागे पडले तर पडू द्यावे. त्याऐवजी खांद्यांची लवचिकता वाढवता येते.

खाण्यापिण्याचाही हिशेब हवा. खजूर आणि पाण्याने रोजा सोडावा. भजी-समोशांवर ताव मारून लगेच धावायला निघाले की पोटच थांबवते. इफ्तार ते सहरी थोडे थोडे पाणी, सहरीला पोळी, अंडी, दही, केळे. रात्रीची झोप तुटते, म्हणून दुपारी अर्धा तास पडणे हेसुद्धा सरावातच धरावे. चक्कर आली, घाम थांबला किंवा भान हरपू लागले, तर हट्ट न करता लगेच पाणी प्यावे. जीव धोक्यात घालून रोजा टिकवा, असे धर्म सांगत नाही. आजारी आणि प्रवासी यांना राहिलेले रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआनातच आहे. मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

नागपूरला लांब पल्ल्याचे खेळ नवे नाहीत. येथील डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ एकट्याने बारा दिवसांच्या आत पूर्ण केली. अशा शर्यतीत पायांइतकाच झोपेचा आणि खाण्याचा हिशेब महत्त्वाचा असतो. रोजेदाराला तोच हिशेब महिनाभर रोज करावा लागतो.

रमजाननंतर नागपूरचा उन्हाळा येतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की सराव सकाळी सातच्या आत उरकावा लागतो. इतर खेळाडू तेव्हा पहाटे चारच्या गजराशी झगडत असतात. रोजेदाराला त्या वेळी उठण्याची सवय आधीच लागलेली असते. ती त्याने ईदनंतर सोडली नाही, तर उन्हाळ्याची निम्मी तयारी झालीच म्हणायची.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. पुढच्या दशकात तो गोव्याच्या स्पर्धेच्या दिवसांत येईल, तेव्हा गणित पुन्हा मांडावे लागेल. तोवर या महिन्याचा आणखी एक फायदा घरच्यांच्या वाट्याला येतो. एरवी रविवारी पहाटेच सायकल घेऊन निघून जाणारा माणूस रोज संध्याकाळी सगळ्यांसोबत दस्तरख्वानावर बसलेला असतो.