कुत्र्याची छत्री

पाऊस ओसरू लागला, की आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील सागाच्या जंगलात कुजलेल्या पानांतून आणि पडलेल्या ओंडक्यांवर लहान लहान छत्र्या उगवतात. उर्दूत आपण हिला खुंबी म्हणतो. मराठीत अळंबी, भूछत्र किंवा कुत्र्याची छत्री.

अळंबी म्हणजे झाड नव्हे, ती बुरशी आहे. तिच्यात हरितद्रव्य नसते, त्यामुळे ती स्वतःचे अन्न तयार करू शकत नाही. लाकडात, मातीत पसरलेले बारीक तंतू हेच तिचे खरे शरीर. छत्री हे जणू तिचे फळ. छत्रीखालच्या पातळ पडद्यांवरून धुळीसारखे बीजाणू वाऱ्यावर उडतात.

वारुळावर उगवणारे टेकोडे तर नवलाचेच! वाळवी वारुळात ही बुरशी शेतासारखी पिकवते. टेकोड्यांची भाजी विदर्भात आवडीने खातात; पण ती जाणत्या माणसांनीच आणावी. विषारी अळंबीने चांदीचा चमचा काळा पडतो, ही समजूत खोटी आहे. काही विषे शिजवूनही जात नाहीत. त्रास कधी कधी सहा तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतो, आणि तोवर यकृताला इजा झालेली असते. शंका येताच उरलेली अळंबी सोबत घेऊन दवाखाना गाठावा.

म्हणून मुलांबरोबर जंगलात जाताना मी पिशवी नेत नाही, कॅमेरा नेतो. छत्रीशेजारी नाणे ठेवा, म्हणजे फोटोत आकार कळतो. खाली छोटा आरसा धरा. न उपटता पडदे दिसतात. त्यासाठी चिखलात पोटावर झोपावे लागते, आणि घरी बोलणी खावी लागतात.